दुधाच्या पावडरीचा पाव

हात्सुएनं भाताला तोंड लावायचं सोडलं, तेव्हा मात्र इसामुचा धीर सुटला. तोवर त्यानं सगळं निभावून नेलं होतं. बायकोला आधी वार आठवेनासे झाले, मग शेजाऱ्यांची नावं, मग बाथरूमचं दार कुठलं तेही. "वय झालं की व्हायचंच," म्हणत तो तिचा हात धरून न्यायचा. पण आता समोर वाफाळता भात, भाजलेला मासा, मिसोचं सार ठेवलं तरी ती ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत बसे. मुरोरानच्या पोलाद कारखान्यात जन्मभर क्रेन चालवलेला माणूस तो. टनावारी लोखंड त्यानं अलगद उतरवलं होतं. पण घासभर अन्न काही त्या दोन ओठांच्या आत जाईना.

एकदा बेकरीवरून जाताना ती थबकली. मान वर करून तिनं खोल श्वास घेतला. इसामुनं लगेच पाव विकत घेतला, पण टेकडीवरच्या वसाहतीत पोचेस्तोवर तो निवला आणि हात्सुएनं ताटली सरकवून दिली. तिला घरात दरवळणारा ऊनऊन वास हवा होता. मग इसामुनं जुन्या सामानाच्या दुकानातून पावाचं यंत्र आणलं. झोपण्यापूर्वी त्यात पीठ-पाणी घालून ठेवलं की पहाटे आपलं आपण मळतं, फुगवतं, भाजतं.

पहिला पाव विटेसारखा निघाला. दुसराही. तिसरा घेऊन तो कोपऱ्यावरच्या तोफूवाल्या ओदाजिमाबाईंकडे गेला.

बाईंनी पाव टेबलावर आपटून पाहिला. "काका, हे फेकून मारलं तर चोर जागेवर आडवा होईल! मैदा कुठला घेतलात?"

"सगळ्यात स्वस्त होता तो."

"अहो, तो भज्यांचा मैदा. त्याचं पीठ ताणलं जात नाही, फुगणार कसं? पावाचा वेगळा मिळतो, थोडा महाग. तिथं हात आखडू नका. काटकसर करायची तर बाकीच्यात करा."

ते त्यानं मनावर घेतलं. पावाचा मैदा घेतला, पण सुपरमार्केटच्या स्वतःच्या छापाचा, मोठ्या पिशवीतला. यीस्टच्या चिमुकल्या पुड्या सोडून मोठं पाकीट आणलं आणि फ्रीजरमध्ये ठेवलं. लोण्याऐवजी चमचाभर साधं तेल घातलं. पावानं कुरकुर केली नाही. ओदाजिमाबाई तोफू करून उरलेला सोयाबीनचा चोथा फुकट द्यायच्या, तोही मूठभर घालून पाहिला. पाव जरा जड झाला, पण मैदा वाचला. हात्सुए दोन-चार घास खायची. तेवढ्यावरही तो खूश होता.

राहिलं दूध. रोजचं ताजं दूध पेन्शनीत बसेना, म्हणून त्यानं साय काढलेल्या दुधाची पावडर आणली. वास काही फार चांगला नव्हता.

त्या सकाळी हात्सुए आपणहून उठून स्वयंपाकघरात आली. पावाचा तुकडा नाकाशी धरून कितीतरी वेळ बसली. मग अर्धा खाल्ला, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत. इसामु तिच्यासाठी चहा ओतायला वळला. परत बघतो तर उरलेला अर्धाही ताटलीत नव्हता. त्याला वाटलं, बाई जेवायला लागली! त्या दिवसापासून पावडर कायम झाली.

बर्फ वितळून खोल्या उबदार झाल्या, तेव्हा कपाटातून कुबट वास यायला लागला. इसामुनं किमोनोंचा खालचा कप्पा ओढला. घड्यांच्या मध्ये अर्धे-अर्धे पाव रचून ठेवले होते. काही दगड झालेले, काही हिरवे.

त्याच्या डोक्यात सणक गेली. "हे काय गं! मी एकेक चमचा मोजून घालतो, आणि तू सडवतेस?"

हात्सुए धावत येऊन कप्प्याच्या आड उभी राहिली. "हात लावू नका! मिनोरूचा आहे तो."

मिनोरू तिचा धाकटा भाऊ. लहानपणीच वारला, एवढंच इसामुला माहीत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्याचं नाव कधी दुसऱ्यांदा काढलं नव्हतं. त्यानं ओतारू शहरात राहणाऱ्या तिच्या थोरल्या बहिणीला, किनूअक्काला, फोन लावला.

सगळं ऐकून अक्कानं विचारलं, "तू दूध कुठलं घालतोस?"

"पावडरचं. का?"

"शाळेत तेच मिळायचं आम्हाला. युद्धानंतर. पाव आणि ते पावडरचं दूध. मिनोरू आजारी, अंथरुणाला खिळलेला, शाळेत जायचाच नाही. हात्सुए आपला पाव दुधात बुडवून अर्धा खायची आणि अर्धा दप्तरात घालून त्याच्यासाठी आणायची. रोज. एकदा बर्फाच्या वादळात पोर अडकली. भूक लागली, वाटेत सगळा खाल्ला. हा दारात बसून वाट बघत होता. त्याच हिवाळ्यात गेला तो. पावामुळे नाही रे, छातीच्या दुखण्यानं गेला. पण तिला कोण सांगणार? तिनं कुणाला विचारलंच नाही."

फोन ठेवल्यावर इसामु उघड्या कप्प्यासमोर बसून राहिला. आपण तिच्यावर रागावलो होतो, हे त्याला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव निघाला. हात्सुएनं नेहमीसारखे दोन तुकडे केले, आपला खाल्ला नाही, दुसरा मुठीत धरून दाराकडे बघत राहिली. इसामु उठला, दाराबाहेर गेला आणि पुन्हा आत येऊन तिच्यासमोर उंबऱ्याशी मांडी घालून बसला. पंचाहत्तरीचा म्हातारा, गुडघे करकरले.

"ताई, आलीस?" तो म्हणाला.

हात्सुएनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत कोण होतं, देव जाणे. तिनं मूठ पुढे केली. "घे. वाटेत खाल्ला नाही हो मी."

इसामुनं तो चुरगळलेला पाव तिच्यासमोर शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. "पोट भरलं ताई. आता तू खा."

ती खाली बसली आणि आपला तुकडा खाऊ लागली.

त्यानंतर कप्प्यात पाव सापडला नाही. रोज सकाळी तो उंबऱ्याशी बसायचा. कधी ती "मिनोरू" म्हणे, कधी "अहो, तिथं गारठ्यात काय बसलात?" म्हणून हसे. दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्याच्या तोंडावर हात्सुए झोपेतच गेली.

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या बौद्ध विधीला किनूअक्का आली. भिक्खू गेल्यावर इसामुनं तिच्यापुढे पाव ठेवला, तोच पावडरचा. अक्कानं हुंगला आणि नाक मुरडलं.

"शी! मिनोरूला हा वास अजिबात सोसायचा नाही. नाक धरून खायचा तो."

"मग खायचा कशाला?"

"ताईनं आणलाय म्हणून. ती बघत असायची ना."

इसामुला हसू फुटलं. हात्सुए गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता डोळे पुसत त्यानं अक्काला आणखी एक तुकडा वाढला, आणि अक्कानं नाक धरून तो खाल्ला.