शिंपल्याची डावी बाजू

काचबिंदूनं बाबांची नजर गेली, त्याला बरीच वर्षं झाली होती. ते भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि मी जीवाश्मांवर काम करणारी. कच्छमधल्या एका ओढ्यात त्यांना तरुणपणी पंख्याच्या आकाराचे शिंपले सापडले होते. जात नवी वाटत होती, पण शिंपल्याच्या दोन अर्ध्यांपैकी मिळालेले सगळे उजव्या बाजूचे. डावी बाजू पाहिल्याशिवाय वर्णन पुरं होईना, म्हणून ते राहूनच गेलं.

मी त्याच ओढ्यावर गेले आणि मला डावी बाजू मिळाली. कापसात गुंडाळून, डब्यात घालून, पुण्यात उतरले ती थेट विश्रांतवाडीला, आईबाबांच्या घरी.

"थांब, हात धुऊन येतो," बाबा म्हणाले, जेवायलाच बसायचं असल्यासारखे.

मी शिंपला त्यांच्या तळहातावर ठेवला. चोचीपासून, म्हणजे वरच्या निमुळत्या टोकापासून, कडेपर्यंत त्यांचा अंगठा फिरला, परत वर गेला.

"सपाट आहे गं ही!"

"हो."

"उजवी चांगली फुगीर. मला वाटायचं, डावीही तशीच असणार. म्हणजे मी जो गट धरून बसलो होतो, तोच चूक." आणि ते हसले. इतकं मोकळं हसताना त्यांना मी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

मग लिहायला बसलो. ते बोटांनी पाहत होते, मी भिंगातून. फासळ्या बावीस, उजवीपेक्षा अरुंद. मधल्या चरांत दाट आडव्या रेषा. त्या मला भिंगातून दिसायच्या आधी त्यांच्या नखाला लागल्या. चोचीच्या दोन्ही अंगांचे कान जवळजवळ सारखे.

"पुढच्या कानाखाली खाच?"

"नाही. ती फक्त उजवीला."

"उजवीची उथळ लिही. खोल नाही म्हणता येणार. आठवते मला."

"अहो, जेवणार आहात, की त्या शिंपल्यातच वाढू?" आईनं आतून विचारलं.

बाबा उठले नाहीत. "रंग कसा आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

जीवाश्माचा रंग मातीतून आलेला असतो, तो वर्णनात धरायचा नाही, हे मला त्यांनीच शिकवलेलं. "पिवळसर," मी म्हणाले. "कडेला गंजासारखा."

"आणि ओढ्याच्या वळणावरचं पिलूचं झाड?"

"आहे. त्याच्याच सावलीत डबा खाल्ला."

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. आळंदी रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता. "एकदा जायला हवं होतं," ते म्हणाले.

"थंडीत जाऊ की."

थंडी पडायच्या आधीच बाबा गेले.

पुढे मी ते वर्णन शोधनिबंध म्हणून पाठवलं, आणि तो तपासणाऱ्याकडून एक शंका आली: आतल्या बाजूचा स्नायूचा व्रण गोल की लंबगोल? उत्तर मला माहीत होतं. तरी संध्याकाळी बस धरून मी विश्रांतवाडीला गेले. आईनं दार उघडलं. माझ्या हातातला कागद तिनं पाहिला आणि ती दारातून बाजूला झाली.

"ये," ती म्हणाली. "मला त्यातलं काही कळत नाही. पण विचार."

तिच्यासमोर बसून मी सगळं वर्णन पहिल्यापासून वाचलं. तिनं मध्ये एकदाही जेवायला हाक मारली नाही.