मी तिला घरी पोचवलं

आमचं केंद्र सुरू झालं ते एका न विकल्या गेलेल्या गाळ्यात. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. विरारला मनवेलपाड्यात आमच्या इमारतीखाली दुकानांचे चार गाळे होते. त्यातला एक बिल्डरने आम्हाला दिला, "गिऱ्हाईक मिळेपर्यंत वापरा," म्हणून. मी सकाळच्या शाळेत शिकवत असे, दुपार मोकळी. जोडीला शेजारचे निवृत्त कंपाउंडर काका आणि वसईगावातून येणारी एक नर्स. तिला आम्ही सगळेच सिस्टर म्हणायचो. विरार स्टेशनच्या पुलाखाली राहणारी, पार सातिवलीपर्यंत जाऊन कारखान्यांमागे प्लास्टिक वेचणारी मुलं दुपारभर कुठेतरी निवांत बसावीत, त्यांच्या जखमांना औषध लागावं, चार अक्षरं त्यांना यावीत, एवढंच मनात होतं.

पहिलं भांडण झालं ते पाण्यावरून. तेव्हा आमच्याकडे टँकर यायचा, तोही एक दिवसाआड. आम्ही मुलांना आंघोळी घालायला लागलो तशा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी खाली उतरल्या. "आमच्या पोरांना तांब्याभर पाणी मिळेना, आणि तुम्ही ह्यांना न्हाऊ घालताय?"

काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, हे माझ्या घरचं पाणी आहे. मी आज आंघोळ केलेली नाही. खात्री करायची तर जवळ या."

वहिनी हसल्या नाहीत. पण पुढच्या आठवड्यात जुन्या फ्रॉकचं एक गाठोडं त्यांनी जिन्यावरूनच खाली सोडलं.

त्यातला निळा फ्रॉक जिला बसला, तिच्याबद्दल मला सांगायचंय. दहा-अकरा वर्षांची असेल. केस कुणीतरी ब्लेडने कापल्यासारखे. ती कधी काही मागायची नाही. आल्याबरोबर धाकट्या पोरांना ओळीने बसवायची आणि त्यांची डोकी धुवायची, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरून. असा हात धरायला तिला कुणीतरी शिकवलं असणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं. गाव विचारलं की हिंदीत एकच उत्तर, "टीचर, मेरा कोई नहीं." बाकीच्या मुलांसारखीच हिंदी. आम्हाला ती कुठून तरी गाडीत बसून आलेली परप्रांतातली मुलगी वाटायची.

एके दिवशी चहाचं पातेलं कलंडलं आणि तिच्या पायावर चहा सांडला. ती किंचाळली, "आये गो, भाजला मना! पानी!"

सिस्टर पाणी घेऊन धावली. मी जागच्या जागी उभी राहिले. माझं आजोळ वसईच्या खाडीकाठचं, मिठागरांच्या गावातलं. ही बोली मी आजीच्या मांडीवर ऐकलेली. मुलगी परप्रांतातली नव्हती. इथलीच होती, तासाभराच्या अंतरावरची. आणि इतके महिने तिने तोंडातून स्वतःच्या बोलीतला एक शब्द निसटू दिला नव्हता.

ती असं का करत होती, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला मात्र आनंद झाला. केवढा आनंद! मी तिथल्या मामाला निरोप धाडला. आठ दिवसांत त्याने शोध लावला: शेजारच्या गावातली एक मुलगी दीड वर्षापासून बेपत्ता होती. वय जुळत होतं, वर्णन जुळत होतं.

सिस्टर म्हणाली, "आधी तिला विचारूया."

"विचारलं तर पळून जाईल," मी म्हटलं. काकांनाही माझं पटलं.

रविवारी मी तिला म्हणाले, "माझ्या मामाकडे चाललेय. येतेस फिरायला?" ती लगेच तयार झाली. काकाही सोबत निघाले. एसटीत तिने खिडकीची जागा धरली. काकांना ती दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत होती, जोडाक्षरांना अडखळत. वळणानंतर मिठाचे पांढरे ढीग दिसू लागले आणि तिचं वाचणं थांबलं. ती माझ्याकडे वळून बघेल असं वाटलं. तिने बघितलं नाही.

दारात तिची आई धावत आली. तिला कवटाळून इतकी रडली की काकांनीही चष्मा काढून डोळे पुसले. आजूबाजूच्या बाया जमल्या. आम्हाला चहा मिळाला, निघताना शहाळी मिळाली. मुलगी आईच्या मिठीत उभी होती, दोन्ही हात खाली सोडून. "बुजलीय," मी काकांना म्हटलं. निघताना मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने मान बाजूला केली.

पुढे पंधरा दिवस मी ही हकीकत भेटेल त्याला सांगत होते. शाळेत माझा सत्कारसुद्धा झाला.

मग तिच्यासाठी वह्या घेऊन मी एकटीच गेले. आई दारातच उभी राहिली. म्हणाली, "चौथ्या दिवशी गेली. तुमच्याकडंच आली आसंल, आमाला वाटला."

मी विचारलं, "का गेली?"

आतल्या खोलीत कुणी पुरुष खोकला. तिने तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाय, तुमी इचारला नाय. मी सांगला नाय."

आत कोण होतं, त्याने काय केलं होतं, ते तिने पुढे सांगितलं नाही. पण मुलगी कशापासून पळाली होती ते त्या घरात होतं, आणि मीच तिला हाताला धरून तिथे नेऊन ठेवलं होतं, एवढं मला कळलं.

आम्ही पुलाखाली, फलाटांवर, चंदनसारच्या नव्या बांधकामांवर शोधलं. पोलिसांत वर्दी दिली. शेवटी तिने रोज न्हाऊ घातलेलं एक पोर माझ्याकडे न बघता म्हणालं, "वो आयी थी ना, टीचर. शटर के पास खडी थी. आपको देखा तो भाग गयी."

कधी, ते त्याला सांगता येईना. एका दुपारी, इतकंच. म्हणजे कुठल्या तरी दुपारी ती माझ्यापासून दहा पावलांवर होती, आणि मी दाराकडे पाठ करून फळ्यावर काहीतरी लिहीत असेन. पुढे कित्येक महिने मी दाराकडे पाठ वळवू शकले नाही. मुलांकडे तोंड ठेवून तिरपं लिहायचे. ओळी खाली घसरायच्या.

केंद्र बंद पडलं नाही. गाळा विकला गेला, आम्ही चाळीतल्या एका खोलीत गेलो. सिस्टरने भिंतीवर एकच नियम लिहिला: मुलाला विचारल्याशिवाय कुठेही न्यायचं नाही. त्या नियमामुळे पुढे काही मुलं खरोखर वाचली. सिस्टर मला त्यावरून कधीही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोनेक वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बालगृहात तशी मुलगी असल्याचं कळलं. मी गेले. तिथल्या बाईंनी सगळ्या मुलींना व्हरांड्यात ओळीने उभं केलं. "नीट बघून घ्या," म्हणाल्या. मी एकेक चेहरा बघत शेवटपर्यंत गेले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती नव्हती. मधल्या, दोन वेण्या घातलेल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, आमच्यातली कोण पाहिजे तुम्हाला?"

मी तिच्या शेजारच्या मुलीचा चेहरा बघत होते. मग ती आत निघून गेली, आणि तिच्यामागोमाग बाकीच्याही.