पुठ्ठेकाकांचं पार्किंग

इमारतींची पुठ्ठ्याची मॉडेलं करण्यात हयात गेली, म्हणून अख्खी गल्ली त्यांना पुठ्ठेकाका म्हणायची. हातात कला होती, पण अंगात आळस मुरलेला.

फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेचं यजमानपद मिळावं म्हणून देशानं दोनदा कंबर कसली होती. दोन्ही वेळा स्टेडियमचं मॉडेल काकांनीच केलं आणि दोन्ही वेळा स्पर्धा दुसऱ्याच देशानं पळवली. तिसऱ्यांदा सरकारी साहेब दारात आले तेव्हा काका मनात हसले. पळसाला पानं तीनच!

साहेब म्हणाले, पाहुण्यांना पार्किंग ऐसपैस लागतं, स्टेडियमजवळची जागा तुम्हीच शोधा. आता उन्हात टेप घेऊन कोण हिंडणार? काकांना मापांसकट पाठ असलेली जागा एकच, स्वतःची गल्ली. त्यांनी ती मॉडेलवरून उचलली आणि तिथे राखाडी कागद चिकटवला. बायकोनं विचारलं, आपलं घर कुठे गेलं?

"अगं, पुठ्ठ्यातलंच पाडलंय. स्पर्धा आपल्याला कुठली मिळायला!"

विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय. मॉडेल वरपर्यंत पसंत पडलं. पाहणी समिती यायच्या आत जमीनही तशीच दिसली पाहिजे, असा हुकूम सुटला आणि बुलडोझर आले. काकांनी साहेबांचे पाय धरले.

"अहो, जागा तर तुम्हीच दाखवलीत," साहेब म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. सगळी गल्ली सामानाची बोचकी घेऊन तिथेच उभी होती, तिनं ते ऐकलं. त्यानंतर काकांशी कोणी बोललं नाही. बायकोसुद्धा.

समिती आली, कोरं डांबर पाहून खूश झाली, जेवून गेली. स्पर्धा मिळाली भलत्याच देशाला.

नवराबायको पलीकडच्या आळीत मेहुण्याकडे पथारी टाकून राहू लागले. साहेब तिथेही पोचले. पुढच्या स्पर्धेसाठी आपली बाजू भक्कम आहे, म्हणाले, पार्किंग तर तयारच आहे, आता पाहुण्यांच्या हॉटेलसाठी तेवढी जागा दाखवा. काका हो म्हणाले. दुसरं येतंय काय त्यांना?

पुठ्ठा कापायला घेतला तेव्हा बायको कित्येक महिन्यांनी बोलली.

"माझ्या भावाचं घर तेवढं सोडा."

काका पुठ्ठा कापतच राहिले. मेहुण्याच्या घराची मापं त्यांनी बसल्या बसल्या केव्हाच घेतली होती.