भोपळ्यांच्या शेतात पडलेली किल्ली

माझ्या मावशीचं चष्म्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे उरलेली फट. दोन गिऱ्हाइकं एकाच वेळी आली तर एकाला पोट आत घ्यावं लागतं. दोन्ही भिंतींना आरसे, शेवटच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि पडद्यामागे भिंगं घासायचं यंत्र, जे दिवसभर दातदुखी झाल्यासारखं कण्हत असतं. या एवढ्याशा जागेत मावशीने उभं आयुष्य काढलं, तेही आवाज न चढवता. चष्मा कपाळावर ठेवून "माझा चष्मा इथे राहिला का हो?" असं विचारत आलेल्या माणसालासुद्धा ती म्हणते, "बसा ना, शोधू या."

तिची सगळी सहनशक्ती तिथेच संपते. रविवारसाठी काही उरत नाही.

दरवर्षी पानगळ सुरू झाली की मावशी आणि तिचे तीन मित्र रविवारी मोटारसायकली काढून गावाबाहेर जातात. ऊन नरम झालेलं असतं, थंडी अजून बोचत नसते, शेतं रिकामी होत आलेली असतात. मी मावशीच्या मागे बसते. मावशी सगळ्यांच्या शेवटी, कारण पाने-स्क्रूड्रायव्हरची पिशवी तिच्याकडे. "कोण कुठे पडलं ते बघायला एक तरी शहाणं माणूस मागे हवं," असं ती म्हणते. शहाणं कोण, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

सगळ्यांच्या पुढे कप्तान. ते बसचे ड्रायव्हर होते, आता निवृत्त. ते आणि मावशी एकाच गल्लीत वाढले, त्यामुळे एकमेकांना अरे-तुरे करायचा आणि एकमेकांचं काहीही न ऐकण्याचा दोघांना जन्मसिद्ध हक्क. त्यांच्यामागे बेकरीवाला. पहाटेपासून भट्टीपाशी उभा राहिलेला हा माणूस दुपारी कुठेही टेकला की झोपतो, आणि कोणी मागितले नसले तरी पिशवीभर पाव बरोबर आणतो. मग न्हावी, ज्याला सगळे रेडिओ म्हणतात. मागच्या थांब्यावर हेल्मेट घालताना त्याचं जे वाक्य अर्धं राहिलं असेल, ते पुढच्या थांब्यावर हेल्मेट काढताना तो तिथूनच पुढे सुरू करतो.

"या तिघांबरोबर मी का जाते?" असं मावशी दर रविवारी संध्याकाळी बूट काढताना विचारायची. आणि पुढच्या शनिवारी साखळीला तेल घालायला बसायची.

मी सांगतेय त्या वर्षी मात्र तिची चिडचिड जरा जास्तच झाली होती, आणि ती सगळी कप्तानांवर. कप्तान रस्त्याच्या मधोमध चालवायला लागले होते. झाडांची सावली आली की उगाच वेग कमी करायचे. मधेच असा काही ब्रेक मारायचे की मागच्यांची एकमेकांशी टक्कर होता होता राहायची.

"तुला झालंय काय?" एकदा एका टपरीवर मावशीने विचारलं. "रस्ता काय तुला आंदण दिलाय?"

"मी उभा जन्म बस चालवली," कप्तान चहा फुंकत म्हणाले. "माझ्या बसला कधी ओरखडा आला नाही. तू मला रस्ता शिकवू नकोस."

"बस मोठी असते. तिला घाबरून लोक बाजूला होतात."

"ताई, जाऊ दे ना," बेकरीवाला म्हणाला. "कप्तानाला सवय आहे तशी."

"हो, सवय!" मावशी म्हणाली. "सवयीने माणूस विहिरीतसुद्धा जाईल."

तिच्या रागाला आणखी एक कारण होतं. कप्तान तिच्या दुकानात यायचे बंद झाले होते. दोन वर्षांपूर्वी तिने त्यांना चष्मा करून दिला होता, त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. दुकानावरून जाताना ते पलीकडच्या फुटपाथने, मान फिरवून जायचे. वाचायचा चष्मा त्यांनी बाजारातून आयता उचलला होता. मावशीला वाटलं, आता आपलं काम त्यांना पसंत नाही. ती बोलली नाही, पण मनाला लागलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या रविवारी आम्ही लांबच्या तळ्यापर्यंत जाऊन दुसऱ्या रस्त्याने परतत होतो. ऊन कललेलं, सूर्य अगदी समोर, रस्त्यावर पडलेल्या पानांचा पिवळा चिखल. पुढे कालव्यावरच्या पुलाचं काम चालू होतं. रस्त्याच्या कडेला माणसाएवढ्या उंचीचा फलक होता: पूल बंद. त्याच्यापुढे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची आडवी फळी.

कप्तान फलकापाशी जराही न थबकता पुढे गेले.

मावशीने भोंग्यावर अंगठा दाबून धरला. "अरे थांब! अरे ए!" ती हेल्मेटच्या आत ओरडत होती, म्हणजे ते फक्त मला ऐकू येत होतं. फळी अगदी पुढ्यात आल्यावर कप्तानांनी हँडल वळवलं, मोटारसायकल रस्त्याच्या उतारावरून घसरली आणि खालच्या भोपळ्याच्या शेतात जाऊन आडवी झाली. बेकरीवाल्याने तर कमालच केली. त्याच्यापुढे मोकळा रस्ता होता, थांबायला हवी तेवढी जागा होती, पण कप्तान वळले म्हणून तोही वळला आणि त्यांच्या मागोमाग शेतात उतरला.

आम्ही धावत खाली गेलो. शेताची तोडणी उरकलेली होती. वाळके वेल आणि कोणी न नेलेले बारके भोपळे तेवढे राहिले होते. बेकरीवाला त्यांच्यात बसून पाव गोळा करत होता. कप्तान गुडघा चोळत उभे होते. पँट फाटली होती, थोडं खरचटलं होतं, बाकी धडधाकट.

"लागलं का?" मावशीने विचारलं. "नाही" ऐकल्यावर मात्र तिचा बांध फुटला. "फलक दिसला नाही तुला? एवढा मोठा फलक!"

"सूर्य डोळ्यावर होता."

"आमच्या डोळ्यावर काय चंद्र होता?"

"खात्याची चूक आहे," कप्तान म्हणाले. "कुठेही फलक लावतात. आणि पानं बघ किती आहेत. कोणी झाडत नाही."

"आणि भोपळे! भोपळ्यांची चूक नाही का? सांग ना!"

"ताई, खरंच ऊन फार होतं," रेडिओ म्हणाला. "माझ्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं, त्याचा मेव्हणा असाच..."

"तू गप्प बस," मावशी म्हणाली. "तुम्हीच त्याला चढवून ठेवलंय. हा चुकला की तुम्ही हसता. आज कालव्यात पडला असता तर तिथेही हसत बसला असतात."

कप्तानांनी मोटारसायकल उभी केली, अंगावरची माती झटकली आणि म्हणाले, "चला. अंधार व्हायच्या आत पोचू. मी पुढे होतो."

"तू पुढे होणार?"

"मग काय तू होणार?"

मावशीने पुढे होऊन त्यांच्या गाडीची किल्ली खेचून काढली आणि शेतात भिरकावून दिली.

मावशीने आयुष्यात कधी काही फेकलेलं मी पाहिलं नव्हतं. तिला स्वतःलाही ते अपेक्षित नसावं, कारण पुढच्याच क्षणी ती म्हणाली, "अरे देवा." मग आम्ही सगळे शोधायला लागलो. मावशीसुद्धा, पुटपुटत. "या वयात ही थेरं," ती वेल उचलून उचलून बघत म्हणत होती, "आणि करायला कोण लावतं? हा!"

"फेकलीस तू," कप्तान वाकून हाताने चाचपडत म्हणाले, "आणि वर मलाच बोलतेस."

तेवढ्यात मला किल्ली दिसली. कप्तानांच्या उजव्या बुटाला अगदी खेटून, उन्हात चमकत पडली होती. मी सांगायला तोंड उघडलं आणि मावशीने माझा दंड धरला. तिलाही दिसली होती. बेकरीवाल्यालाही. रेडिओचं वाक्य मधेच तुटलं, ते त्या दिवशी परत जोडलं गेलं नाही.

कप्तान शोधत राहिले. त्यांचा हात किल्लीच्या या बाजूने गेला, मग त्या बाजूने. मातीचं एक ढेकूळ त्यांनी उचललं, बोटांनी दाबून पाहिलं आणि टाकून दिलं. "इकडे नाही," ते म्हणाले. मग सगळे गप्प का, हे त्यांना कळेना. त्यांनी मान वर केली. "काय झालं?"

मावशी गेली, त्यांच्या पायापाशी वाकली, किल्ली उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"कुठे होती?"

"तुझ्या बुटापाशी."

ते बांधावर बसले. बराच वेळ किल्लीवरून अंगठा फिरवत राहिले. मावशी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. आता ती ओरडत नव्हती, पण राग गेला नव्हता. तिच्या फुललेल्या नाकपुड्या मला दिसत होत्या.

"कधीपासून?"

"धुकं आहे जरा. समोर उजेड आला की पांढरं होतं सगळं. डावा जास्त."

"मोतीबिंदू आहे, गाढवा. पिकलाय. सकाळी भरती होऊन दुपारी घरी जातात लोक. आणि तू दोन वर्षं माझ्या दुकानापुढून तोंड फिरवून जातोस!"

"तू पकडलं असतंस."

"पकडायलाच बसलेय मी तिथे! धंदाच तो आहे माझा!"

कप्तानांनी किल्ली मुठीत धरली. मग म्हणाले, "बाबांनी डोळ्याचं ऑपरेशन केलं होतं. तू लहान होतीस. पट्टी काढली त्या दिवशी मी समोर उभा होतो. त्यांनी विचारलं, 'पोरगा आलाय का?' त्यानंतर त्यांनी मला कधी पाहिलंच नाही."

मावशीला हे माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांना काठी घेऊन चालताना तिने पाहिलं होतं, पण लहान मुलं म्हाताऱ्यांच्या काठीचं कारण विचारत नाहीत.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," ती म्हणाली. मग परत चिडली. "आणि हे तू मला आज, भोपळ्यात बसून सांगतोस!"

कप्तानांची गाडी त्या दिवशी तिथेच, पुलाचं काम करणाऱ्यांच्या राखणीला ठेवली. ते बेकरीवाल्याच्या मागे बसून घरी आले, आणि वाटभर त्याला गिअर कधी बदलायचा ते सांगत राहिले. रात्री मावशी जेवली नाही. "दिव्याखाली अंधार," एवढंच म्हणाली. गावभराचे नंबर काढणाऱ्या बाईला आपल्याच माणसाचे डोळे कळले नाहीत, उलट त्याचं वागणं माज वाटलं, हे तिला सहन होत नव्हतं.

ऑपरेशनला तयार व्हायला कप्तानांनी आणखी किती छळलं, ते सांगण्यात अर्थ नाही. आधी सर्दी झाली. मग त्यांना वाटलं, डोळा आपोआप सुधारतोय. ठरलेल्या दिवशी सकाळी मावशी त्यांच्या घरी गेली तर ते शिडीने माळ्यावर चढून आवराआवर करत बसलेले. "तूच बघ बाई," त्यांची बायको म्हणाली, "मी हात टेकले." मावशीने शिडी धरून सांगितलं, "तू उतरला नाहीस तर मी ही शिडी काढून घेईन आणि तू वरच राहशील." किल्लीचा प्रकार त्यांच्या लक्षात होता. ते उतरले.

दवाखान्यात बाकावर बसून मावशी सगळा वेळ त्यांना शिव्या घालत होती. पण पर्समधला चष्म्याचा रुमाल तिने घड्या घालघालून बोटाएवढा करून टाकला होता. डॉक्टरांनी बाहेर येऊन "सगळं छान" म्हटल्यावर ती त्यांना "बरं" म्हणाली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली. मी मागे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ती समोर होती. कप्तानांनी डोळ्याची उघडझाप केली, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या भिंतीकडे. "रंग निळा आहे होय?" ते म्हणाले. "मला वाटायचं राखाडी आहे." मग त्यांचा चेहरा हलला आणि त्यांनी मान खाली घातली. मावशी म्हणाली, "रडू नकोस, डोळ्यात औषध आहे." दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा सगळं भांडण पहिल्यापासून झालं.

पुढच्या पानगळीत डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर कप्तान परत पुढे होऊन निघाले. आता ते रस्त्याच्या आपल्या बाजूने चालवतात, फलकापाशी थांबतात. अडचण एवढीच की ते सगळ्याच गोष्टींपाशी थांबतात. दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचतात. कुंपणावर वाळत घातलेल्या गोधडीचे रंग सांगतात. दोन गावं ओलांडायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात आम्ही एकसुद्धा ओलांडत नाही.

परवा त्यांनी भर रस्त्यात हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि शेताकडे बोट दाखवलं. तिथे साचलेल्या पाण्यात एक बगळा एका पायावर उभा होता.

"बघा, बघा! त्याची चोच बघा!"

बेकरीवाला हँडलवर डोकं टेकून झोपला. रेडिओने हेल्मेट काढून वाक्य सुरू केलं. मावशीने थोडा वेळ दम धरला, मग भोंगा वाजवला. बगळा उडून गेला.

"उडवलास ना!" कप्तान ओरडले. "अजून मी बघितला नव्हता नीट!"

"नीट बघायला कोणामुळे मिळतंय?"

"म्हणजे आता जन्मभर ऐकवणार तू मला?"

"ऐकवणार!" म्हणत मावशी गाडीवरून उतरली आणि त्यांच्या दिशेने चालायला लागली. हे लवकर आटपायचं नाही, हे ओळखून मी हेल्मेट काढलं, रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि बेकरीवाल्याच्या पिशवीतला एक पाव काढून खायला घेतला.