वाबळे सरांचा आवाज

दोराच्या दुकानात एक माल कधीच संपत नाही, तो म्हणजे उरलेले तुकडे. गिऱ्हाईक मागतं तेवढं कापून द्यायचं, मागं हात-दोन हात शिल्लक राहतो. विकलाही जात नाही आणि फेकवतही नाही. जुन्नरच्या पेठेतल्या माझ्या दुकानाच्या माळ्यावर अशी पोती साठलीत.

वाबळे सरांच्या किश्शांचं तसंच झालंय. सर जाऊन बरीच वर्षं झाली. पण संध्याकाळी दुकानात चारजण टेकले की कुणीतरी म्हणतंच, "शेठ, तो मढचा किस्सा सांगा की!" आणि मग एकाला दुसरा जोडत जातो.

ज्यांनी सरांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सर आमच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि स्काऊटचं पथक चालवायचे. जुन्नर-आंबेगावची किती पोरं त्यांच्या हाताखालून गेली याचा हिशेब मला व्यापारी असूनही लागत नाही.

*

आमची पहिली ओळख दोरावरनंच. आम्ही दोर वजनावर विकतो. सर काही काट्याकडं बघेनात. त्यांनी दोराचं एक टोक माझ्या टेबलाच्या पायाला बांधलं, दुसरं दुकानाच्या खांबाला, आणि मधे दोन पोरं लोंबकळवली!

मी म्हटलं, "अहो सर, हे काय चाललंय?"

"शेठ, उद्या हा ओढ्यावर बांधायचाय. तुटायचाच असेल तर तुमच्या दुकानात तुटू दे!"

दोर तुटला नाही. टेबलाचा पाय निखळला.

सर खूश! "माल एक नंबर आहे. पाच बंडलं बांधा."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तीच दोन पोरं हातोडी आणि खिळे घेऊन हजर. पाय असा बसवला की ते टेबल आजही हलत नाही.

*

आता मढचा. माळशेजच्या रस्त्याला कॅम्प होता. तंबू घेऊन टेम्पो माझाच गेलेला. पोरं सरपण गोळा करायला रानात पांगली होती. सरांनी टेकाडावर उभं राहून हाळी दिली, "पथऽऽक, थांब!"

पोरं होती तिथं थांबली. आणि खाली रस्त्यावर कल्याणची एसटी थांबली!

ड्रायव्हर उतरून वर बघतोय. "काय वो, काय झालं?"

"तुम्हाला नाही हो, पोरांना म्हणालो!"

"मंग हळू म्हणा की राव! आख्खी गाडी पुढं आदळली!"

सरांच्या हातात शिट्टी असायची, पण ती मी क्वचितच वाजलेली ऐकली. लागायचीच नाही.

*

एकदा पथक नाशिकच्या मेळाव्याला निघालं. आळेफाट्याला बसची वाट बघत असताना समोरच टोमॅटोचा टेम्पो कलंडला. ड्रायव्हरच्या पायाला लागलं. सरांनी पट्टी बांधून त्याला दवाखान्यात धाडला. तोवर लोक पिशव्या घेऊन धावलेच! सरांनी नुसतं बोट केलं, पोरांनी काठ्या आडव्या धरून कडं केलं.

एक बाई म्हणाली, "ए पोरा, घेऊ दे की दोन किलो. नाय तरी नासणारच हाय."

पोरगं म्हणालं, "घ्या ना मावशी. मालकाला काय नाव सांगू?"

मावशीनं तोवर अर्धी भरलेली पिशवी तिथंच उपडी केली.

नाशिकची एक बस गेली, दुसरी गेली. मालक आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मेळावा राहिलाच. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी विचारलं, "काय सर, शील्ड कुठाय?"

"शील्ड नाही मिळालं साहेब. पण टोमॅटो एक जाऊ दिला नाही!"

पुढं पथकानं शील्डं आणली, स्काऊटचा राज्य पुरस्कार तर जवळजवळ दरवर्षी कुणा ना कुणा पोराला मिळायचा. पेपरात फोटो यायचे. पण सर पंगतीत अभिमानानं सांगायचे ते टोमॅटोचंच.

*

मग सरांचा आवाज बसला. आधी वाटलं, कॅम्पात ओरडून बसला असेल. दुकानात जो तो औषध सांगायला लागला. कुणी ज्येष्ठमध, कुणी खडीसाखर, कुणी हळद-दूध.

सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "शेठ, तुमच्याकडं हल्ली दोरापेक्षा वैद्य जास्त झालेत!"

सगळे हसले. मग पुण्याच्या डॉक्टरांनी गळ्यात गाठ आहे म्हणून सांगितलं. स्वरयंत्रच काढावं लागणार. ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात धरलं नाही, त्याला हे!

ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी सर मैदानावर आले. पथक उभं होतं. कवायत नाही, खेळ नाही, भाषण नाही. सरांनी हजेरी घेतली. प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सावकाश. एरवी आडनावावर भागायचं. शेवटचं पोरगं "हजर सर" म्हणालं, आणि सर सायकल घेऊन घरी गेले.

*

मी दवाखान्यात भेटायला गेलो तर वाबळेवहिनी दारातच भेटल्या. मला चहा पाजला आणि म्हणाल्या, "भाऊ, लग्न झाल्यापासून मी यांना सांगत आले, जरा हळू बोला, शेजारी ऐकतात. परवा घरी कपडे न्यायला गेले, तर शेजारची म्हातारी विचारते, तुमच्या घरात माणसं न्हाईत का गं हल्ली?"

हे त्या हसत सांगत होत्या. सांगून झाल्यावर त्यांनी घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि परत घडी घालत बसल्या.

*

सर परत आले. गळ्याला भोक, श्वास तिथूनच. बोलणं बंद, शिट्टीही बंद. शिट्टीला लागते ती हवा तोंडापर्यंत येतच नव्हती. कमरेला पाटी लटकवलेली असायची.

दुकानात येऊन त्यांनी स्कार्फचं कापड मागितलं. पथकासाठी ठेवायचो ते नेहमीचं मी काढलं. सरांनी त्याचा एक पदर गळ्यावर धरला, मान हलवली. दुसरं काढलं, तेही नको. शेवटी मी बायकोच्या बासनातली मलमल आणून दिली. ती गळ्यावर धरून त्यांनी डोळे मिटले, दोन-तीन श्वास घेतले आणि पाटीवर लिहिलं, 'हे चालेल. रंगवून घेतो.'

मी म्हटलं, "सर, आमच्या हिची साडी व्हायची होती याची." असं काहीतरी बोलायलाच हवं होतं, नाहीतर मला रडू आलं असतं.

*

हेडमास्तर माणूस वाईट नव्हते, नियमाचे होते. त्यांनी सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "सर, आराम करा. पथक दुसऱ्या कुणाकडं तरी देऊ."

सरांनी पाटीवर लिहिलं, 'मेळाव्यापर्यंत थांबा.'

मेळाव्यात इतर पथकांच्या शिट्ट्या न् आरडाओरड्यानं कान किटले. आमचं पथक मात्र चिडीचूप. सरांनी दोन्ही हात पसरले की पोरं घोड्याच्या नालेच्या आकारात उभी. मूठ फिरवली की गोल. तंबू उठला, पूल बांधला, शब्द नाही!

प्रमुख पाहुणे भारावले. आमच्या संघनायकाला, बाळूला, जवळ घेऊन म्हणाले, "मूकबधिर शाळा का रे तुमची? फार छान तयारी करून घेतलीये!"

बाळूला वाटलं, साहेबांना खरंच माहीत नसावं. म्हणाला, "नाय साहेब, आमाला ऐकू येतंय. पण सरांकडं बघावं लागतंय ना, म्हून गप हाय."

शील्ड आमचंच!

*

शील्ड आलं तरी एक अडचण राहिलीच. स्काऊटमध्ये नवीन पोराला वचन द्यावं लागतं. स्काऊटमास्तर एकेक ओळ म्हणतो, पोरगं मागून म्हणतं. मग त्याला स्कार्फ मिळतो. वचन नाही तर स्काऊट नाही.

हेडमास्तर म्हणाले, "सर, शील्ड कबूल. पण वचन सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे, नाहीतर ते मला धरता येणार नाही. तुम्ही शेजारी उभे राहा, ओळी मी म्हणतो."

सरांनी पाटीवर दोनच शब्द लिहिले. 'पोरं माझी.'

"मग तुम्हीच सांगा, कसं करायचं?"

सरांनी पाटी पुसली. ती परत कमरेला लटकवली.

दीक्षेच्या, म्हणजे वचनाच्या दिवशी सकाळी मैदानावर झेंडा चढला. मी, वहिनी, आठ-दहा पालक लिंबाखाली उभे. हेडमास्तर पुस्तक उघडून तयार. पहिला नंबर किसनचा. आहुप्याचं पोरगं, इथं वसतिगृहात राहणारं. ते पुढं आलं, तीन बोटं वर केली.

हेडमास्तरांनी घसा साफ केला. पण सरांनीही तीन बोटं वर केली आणि त्यांचे ओठ हलायला लागले. पहिली ओळ. आवाज नाही. गळ्यावरची मलमल तेवढी आत-बाहेर होत होती.

किसन त्यांच्या ओठांकडं टक लावून बघत होता. ओळ संपली. मग किसनचे ओठ हलले.

आवाज नाही!

हेडमास्तर दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, मोठ्यानं!"

किसननं मान वळवली नाही. सरांनी दुसरी ओळ म्हटली. किसननं ती तशीच म्हटली. तिसरी म्हटली, तीही तशीच. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता.

वचन संपलं. सरांनी स्कार्फ हातात घेतला, पण किसनच्या गळ्यात घातला नाही. ते हेडमास्तरांकडं बघत उभे राहिले. आम्ही सगळेच बघत होतो.

हेडमास्तरांनी एकदा सरांकडं पाहिलं, एकदा त्या पोराकडं. पुस्तक मिटलं, काखेत धरलं, आणि सावधान उभे राहून म्हणाले,

"पुढचा!"