बिनसायलेन्सरची गाडी

“मग सांगा ना, कोणाला ऐकवायचंय?” भांडी विसळता विसळता बायकोने तिसऱ्यांदा विचारलं.

“गाडी माझी आहे. सायलेन्सर काढीन, नाहीतर आख्खी गाडी मोडीन.”

“पन्नाशीला आलात! तुम्ही गल्लीच्या तोंडाशी वळलात की इथे फळीवरची ताटं थरथरतात.”

“मैत्रिणी विचारतात, तुमच्या घरी नवा हिरो कोण आलाय?” मुलीने भर घातली.

तो हसला नाही. किल्ली उचलून निघून गेला आणि मिनिटभराने सगळी गल्ली दणाणली.

चोवीस वर्षं तो मोटारसायकली दुरुस्त करत होता. गिऱ्हाइकं त्याला वैद्यबुवा म्हणत. चालू इंजिनाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं. त्याआधी एक बोल्टही सैल करायचा नाही. सायलेन्सर काढून द्या म्हणणाऱ्या तरण्या पोरांना तो हाकलून द्यायचा. “आवाजाने गाडी पळत नाही रे, शेजारी पळतात!”

आणि आठ दिवसांपूर्वी त्यानेच स्वतःच्या गाडीचा काढला होता.

तिला आणखीही काही खुपत होतं. हल्ली गॅरेजचं शटर अर्धं खाली असायचं. समोरची शिलाईवाली बोलायला लागली की हा तिच्या ओठांवरून नजर हलवत नसे. हे तिने स्वतः पाहिलं होतं, एकदा नव्हे, दोनदा.

त्या दुपारी ती न सांगता गॅरेजवर गेली आणि शटरखालून वाकून आत शिरली.

शिलाईवाली नव्हती. कोणा गिऱ्हाइकाची गाडी स्टँडवर धडधडत होती, तिचा सायलेन्सर जमिनीवर पडला होता. हा पाठमोरा उकिडवा बसलेला. स्क्रूड्रायव्हरची मूठ त्याने आधी उजव्या कानाला लावली, मग डाव्या. मान हलवली. मग मूठ दातांत घट्ट धरली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने त्याने इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं.

“अहो,” ती म्हणाली. दोन हातांवरून.

त्याने वळूनही पाहिलं नाही.

ती पुढे होऊन समोर उभी राहिली तेव्हा तो दचकला.

“कधीपासून?”

तो तिच्या ओठांकडे बघत होता. शिलाईवालीचं कोडं तिला तिथेच सुटलं. आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

“सहा महिने झाले,” तो म्हणाला. “उजवा गेलाच. सायलेन्सर काढला की इंजिन चालू आहे एवढं डाव्याला कळतं. आधी माझ्या गाडीवर करून बघितलं. बाकीचं दातांना कळतं. बरंचसं.” मग हळूच, “कोणाला बोलू नकोस. वैद्याला ऐकू येत नाही म्हटल्यावर गाडी कोण आणेल?”

“आणि दातांना नाही कळलं, अन् गाडी तशीच रस्त्यावर गेली तर? चालवणाऱ्याचं काय?”

तो जमिनीवरचा सायलेन्सर उचलून परत बसवायला लागला.

रात्री जेवताना त्याने मायलेकींकडे आळीपाळीने पाहिलं.

“उद्यापासून इंजिनाचं काम बंद. पंक्चर, तेल आणि चेन, एवढंच घेणार. कोणी विचारलं तर खरं कारण सांगायचं.”