न मागितलेलं पाणी

शेवगावपासून दीड कोसावर एक वाडी. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा वाडीतलं चालतं-फिरतं माणूस रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं. मागं राहिली म्हातारी, आजारी, आणि चांगुणा.

चांगुणा काही म्हातारी नव्हती. पन्नाशीची, हाडानं काटक. पण संक्रांतीनंतर तिचा नवरा सहादेव गेला आणि तिच्या हातापायांतला जोरच गेला. आठ दिवस तो तापानं पडून होता. गेला त्या दिवशी म्हणाला, "शेळी वरडतीया, तिला तेवढं पानी दाव." चांगुणा शेळी घेऊन आडावर गेली. परत आली तर माणूस गेलेला. शेवटचं पाणी तोंडात पडलंच नाही.

भेटायला आलेल्या बाया गळ्यात पडून रडल्या. रडता रडता एकीनं म्हणून टाकलं, "बाई बाई, तहानलेलाच गेला गं!" दुखवट्याला आलेल्यांच्या जिभेला हाड नसतं. त्या बोलून घरी जातात, जेवतात, झोपतात. ऐकणारीच्या काळजात मात्र काटा मोडून राहतो.

चैत्रात शेजारच्या मुक्ताबाईच्या सासूला, बायडाबाईला, डॉक्टरांनी घरी पाठवलं. पोटात गाठ. "आता मागतील ते द्या," एवढंच औषध. पण मुक्ताबाई कामावर गेली नाही तर चूल पेटायची कशी? ती चांगुणाच्या दारात आली. "काकी, दिवसभर आत्यापाशी बसता का? तुमच्याबिगर कोन हाय?"

चांगुणा लगेच उठली. मनात एकच होतं, या वेळी चुकायचं नाही.

तिनं उशाशी पाण्याची वाटी ठेवली, त्यात तुळशीचं पान टाकलं आणि म्हातारीच्या तोंडाकडं टक लावून बसली. बायडाबाईनं डोळे मिटले की ओठांत पाणी. उचकी लागली की पाणी. जांभई दिली तरी पाणी. हात धुतलेल्या पाण्यावर कशीबशी तगलेली दारातली तुळस चार दिवसांत बोडकी झाली.

पाचव्या दिवशी बायडाबाईला जोराचा ठसका लागला. दम खाऊन ती म्हणाली, "चांगुणे, मी गाठीनं मरायचं का तुझ्या पान्यानं, ते एकदा ठरव!"

"आवो मावशी, वेळंला तोंडात पानी नको का?"

"वेळ आली की सांगावा धाडते तुला. आन् आशी घारीवानी बघू नगंस. मला मरायची सुदिक लाज वाटंल."

चांगुणा हसायला गेली आणि रडायलाच लागली. सहादेवचं सगळं बाहेर पडलं. बायडाबाईनं मधे तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर विचारलं, "त्यानं पानी मागितलं हुतं का?"

"न्हाई."

"उशाशी हुतं?"

"भरला तांब्या हुता."

"मग तहानलेला कशावरनं? जायच्या टायमाला तहान मरती, पोरी. माझीच मेलीया बघ. मुक्या जनावराला पानी मिळावं वाटलं त्याला, ते तू पाजलंस. आजून काय पायजे?"

 चांगुणानं वाटी उचलून फडताळात ठेवली.

मग तिनं उशाशी बसून रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडायची आणि बोलायचं, असं ठरलं. बायडाबाईला भजन नको होतं, बातम्या हव्या होत्या. रंगुबाई सुनेला काय बोलली, सून उलट काय बोलली. "मेल्यावर हे मला कोन सांगनार?" ती म्हणायची.

सतरा दिवस असे गेले. अठराव्या दिवशी सकाळी तिनं अर्धा कप चहा मागितला. "गूळ कमी हाय," म्हणाली. चांगुणा वाडीतल्या कारभारीच्या बैलानं रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाचं धोतर कसं फाडलं ते सांगत होती. बायडाबाई हसली, हुं हुं करत राहिली. मग हुं यायचं थांबलं. चांगुणानं सुपातून मान वर केली. बायडाबाई गेली होती.

 चांगुणानं सूप बाजूला ठेवलं, म्हातारीच्या पापण्या लावल्या, पदर सारखा केला आणि कामावर निरोप धाडला.

मुक्ताबाई हातोडी हातात घेऊनच धावत आली आणि उंबऱ्यातच बसली. "मी तिकडं खडी फोडीत बसले... काकी, पानी तरी पाजलं का वो?"

जमलेल्या बाया चांगुणाकडं बघायला लागल्या.

"न्हाई," चांगुणा म्हणाली. "मागितलंच न्हाई. च्या मागितला, तो दिला. गोड न्हाई म्हनून मला बोल लावला. हसली, आन् गेली. तू खडी फोडतीस म्हनून त्या च्यात हाय तेवढा गूळ तरी हुता. तहानलेली गेली आसं कुनी म्हनलं तर त्याला माझ्याकडं धाड."

मुक्ताबाईनं तिच्या मांडीत डोकं घातलं. चांगुणा तिला थोपटत राहिली, आणि बोललेलं आपल्यालाही लागू पडतंय, हे तिला थोपटता थोपटताच उमगलं.

पुढच्या महिन्यात वाडीतल्याच छगनचा बाप अंथरुणाला खिळला, तेव्हा छगन स्वतः तिला बोलवायला आला. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं. चांगुणाला बातम्या ओरडून सांगाव्या लागत, त्या अख्ख्या आळीला कळत. त्यावरून दोन-चार भांडणंही झाली. पण तिला बोलवायचं कुणी सोडलं नाही.